हातसुद्धा नाही

अलिबागजवळून,
२७ ऑगस्ट २०२३

प्रिय मधुवंती,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्णव या आठवड्यात तिसऱ्यांदा मेला. घाबरू नकोस, पुढे वाच. संध्याकाळी तो मेसमध्ये बटाटेवडे हाणत होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

आधी एक खुलासा. तू रविवारी संस्थेच्या फोनवर मला गाठतेस आणि मी 'हो हो, ठीक आहे' म्हणून फोन ठेवून देतो, त्याचा राग धरू नकोस. सगळी उमर जहाजाच्या इंजिनाशेजारी काढली, त्यात कान गेले. समोर बसलेल्या माणसाचं डाव्या कानाशी थोडं कळतं, फोनवर नुसता डबा वाजतो. मोबाइलवर अक्षरं बडवायचा मला कंटाळा आहे. तेव्हा माझ्याशी बोलायचं तर कागद घे. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या आतेभावाला, माझी पत्रं आवडायची. तो गेल्यापासून मला कुणी उत्तर देत नाही.

आता मरणाचं. इंजिनिअर झालेली ही पोरं आमच्याकडे वर्षभर राहून जहाजाचं इंजिन शिकतात. मी त्यांना एकच विषय जीव तोडून शिकवतो. जहाजात बंद टाक्या असतात. महिनोन्महिने बंद राहिल्या की आतला गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. दिसत काही नाही, वास येत नाही, आत गेलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. आणि मग त्याला काढायला दुसरा धावतो आणि त्याच्यावर पडतो. जहाजांवर असे जोडीनेच जातात. म्हणून मी पटांगणात एक लोखंडी टाकी ठेवली आहे, आत भुसा भरलेला बाहुला टाकतो आणि तोंडाशी एकाला उभा करतो. त्याने घंटा वाजवायची आणि पाठीवर हवेचं नळकांडं घेतलेले मुखवटेवाले येईपर्यंत बाहेर थांबायचं. जो आत धावला तो मेला. त्याचं नाव मी फळ्यावर लिहितो आणि सगळा वर्ग त्याच्यासाठी दोन मिनिटं उभा राहतो. तुझा मुलगा दर वेळी धावतो. विचारलं तर म्हणतो, "सर, तो पडलेला दिसतो ना."

त्याच्या खोलीत तुमच्याच बाजूचा एक मुलगा आहे, सावनेरचा अमोल. वडील रुपराव खाणीत कामाला होते, शेतीही आहे. तो एकदाही मेला नाही. घंटा वाजवून पुतळ्यासारखा उभा राहतो. मी अर्णवला म्हणतो, त्याच्याकडून शीक.

तू जरा कान उपट त्याचे. माझं ओरडणं त्याला पाठ झालंय.

तुझा,
कृष्णकांत

*

प्रताप नगर, नागपूर
२४ सप्टेंबर २०२३

ती. कृष्णकांत भाऊजींना,
मधुवंतीचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राची पहिली ओळ वाचून मी मटकन खाली बसले. शेजारच्या नीलाताई पाणी घेऊन धावल्या. मग बटाटेवड्यांपर्यंत पोचले आणि तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे आहात. थट्टा करावी, पण मी धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बसते हे लक्षात ठेवून करावी. गावोगावचे लोक काचेपलीकडून विचारत राहतात, आमचा माणूस कसा आहे, आणि मी म्हणत राहते, 'उपचार सुरू आहेत, डॉक्टर भेटतील.' मला माहीत असतं तेव्हासुद्धा. मेला हा शब्द मी दिवसभर तोंडात धरून बसते, बाहेर पडू देत नाही. तुम्ही तो पहिल्याच ओळीत लिहून मोकळे झालात.

पण कान उपटले. महालक्ष्म्यांना दोन दिवस आला होता. जेवणं झाल्यावर त्याला देवीपुढे बसवलं आणि त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हटलं, माझी शपथ आहे तुला. जहाजावर कुणीही पडो, कुणीही हाका मारो, त्या भोकात जायचं नाही. पायच काय, डोकंही घालायचं नाही, हातसुद्धा नाही. मोडलीस तर मी मेलेली दिसेन. तो हसायला लागला. म्हणाला, "आई, हातानं काय होते?" मी म्हटलं, हातामागून माणूस जातो. मग हसणं थांबवून 'बरं' म्हणाला. लहानपणापासून माझ्या शपथेला घाबरतो, एकदा पतंगाची घातली होती तर गच्चीची पायरी चढला नाही.

तुम्ही हसाल. हसा. तुमची घंटा आणि माझी शपथ, बघू कोण जिंकतं.

अमोललाही सोबत घेऊन आला होता. पोरगा मोठा गोड आहे. पुरणपोळी खाताना मान वर केली नाही, आणि जाताना ताटं उचलून मोरीत ठेवून गेला.

आपली,
मधुवंती

*

अलिबागजवळून,
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय मधुवंती,
अनेक आशीर्वाद.

तू जिंकलीस. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीनदा बाहुला टाकला, तीनदा अर्णव उभा राहिला. घंटा वाजवतो आणि हात पाठीमागे बांधून घेतो. बाकीची पोरं त्याला चिडवतात. मी विचारलं, हे हात बांधायचं कुणी शिकवलं? म्हणाला, आईनं.

तुझी शपथ माझ्या पाठापेक्षा कडक आहे हे सांगायला हवं. मी 'आत जाऊ नको' एवढंच शिकवतो, हाताबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पण असू दे. या वयात पोरं थोडी जास्त घाबरलेलीच बरी. शाबास तुझी. पुढच्या तुकडीतल्या सगळ्या आयांना बोलावून शपथा घालून घ्याव्यात असं मनात आहे.

इंजिनाच्या कामात त्याचा हात चांगला आहे. पंप उघडून साफ करून पुन्हा जोडला की शेवटी त्याच्याकडे एकही नटबोल्ट उरत नाही. हे मी फार कमी जणांबद्दल म्हणू शकतो.

तुझा,
कृष्णकांत

*

प्रताप नगर, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

ती. भाऊजींना,
साष्टांग नमस्कार.

दीक्षान्त संचलनाचे फोटो आले. पांढऱ्या पोशाखात अर्णव असा काही दिसतो की मी कपाटावरच्या त्याच्या बाबांच्या फोटोला दाखवून आले. त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही, तुमच्याभोवती पोरांचा नुसता गराडा. तुम्ही सगळ्यांना 'काय?' विचारत होता आणि सगळे तुमच्या डाव्या कानात ओरडत होते.

अमोलचे आईवडील माझ्याच शेजारी बसले होते. रुपराव फारसे बोलत नाहीत. रुखमाबाई मात्र सगळं विचारून घेत होत्या: जहाज रात्री कुठं थांबते, वर वरण-भात मिळते का, पाणी गोड राहते का. दोघांना एकाच कंपनीने घेतलं, एकाच जहाजावर चाललेत, हे कळल्यावर त्यांनी माझा हात दाबला तो सोडेचनात. मग दोघा पोरांना पुढे ओढून म्हणाल्या, "एकमेकाले पाहजा. आमी काई तिथं येऊन नाही राहिलो."

तुमचे उपकार कसे फेडू. बाप नसलेल्या मुलाला तुम्ही माणसात आणलं. आता दिवाळीनंतर कधीतरी नागपूरला या. संत्री निघतील तेव्हा या.

आपली,
मधुवंती

*

अलिबागजवळून,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधुवंती,

बातमी काल संस्थेत आली. तुझं पत्र नाही, आणि या वेळी मी ते मागणारही नाही. तरी मला लिहायला हवं.

कंपनीने कळवलं ते असं. बरेच दिवस बंद असलेल्या एका टाकीत पाइप दुरुस्त करायला जहाजावरचा फिटर उतरला. हवा मोजली नव्हती, की मोजली म्हणून लिहिलं होतं, ते चौकशीत ठरेल. अमोल आणि अर्णव तोंडाशी होते. फिटर कोसळला. अमोल आत गेला. अर्णवने इशारा दिला आणि बाहेर थांबला. मुखवटेवाले आले तोवर आतले दोघेही गेले होते.

अमोलचं नाव मी वर्षभरात एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं. काल नव्या तुकडीला सांगायचं म्हणून खडू घेतला आणि हात वर जाईना. पोरांना वाटलं मी काही विसरलो. वर्ग सोडून खोलीत आलो आणि रडलो, मधुवंती. कितीतरी पोरं शिकवली मी. सगळ्यांत पक्का विद्यार्थी गेला, आणि मला कळत नाही तो आत का गेला. बाहुला आणि माणूस यांत फरक असतो, तेवढंच असेल.

अर्णवला सांग, त्याने बरोबर केलं. मी सांगितलं म्हणून सांग. तोही गेला असता तर तिघं आणावे लागले असते. हे त्याला रोज सांग. या दिवसांत अशी पोरं ऐकून घेत नाहीत, पण सांगत राहा.

कृष्णकांत

*

प्रताप नगर, नागपूर
२ मार्च २०२५

ती. भाऊजींना,
नमस्कार.

तुमचं पत्र उशाशी ठेवून आहे. उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, माफ करा.

अमोलला घेऊन अर्णवच आला. विमानतळावरून गाडीत पुढे बसून सावनेरला गेला, घरी आलाच नाही. मी दुसऱ्या गाडीने मागून गेले. अंगणात सगळा गाव. रुखमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अर्णव त्यांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पोराला शाळेतून उशिरा आल्यावर विचारावं तसं विचारलं, "तू काहून नाही गेला गा?"

रुपरावांनी त्याला बाजूला नेलं. ते म्हणाले, तिचं मनावर घेऊ नको, तिला आता काही कळून नाही राहिलं. पण तिला कळत होतं, भाऊजी. अंगणातल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं, तिने फक्त तोंडाने विचारलं. आणि खरं सांगू, त्या गर्दीत माझ्या मनात काय होतं? माझा आला. एवढंच. त्या बाईच्या समोर उभी राहून मी देवाचे आभार मानत होते. मला माझीच शिसारी आली.

तेव्हापासून अर्णव घरातलं एकही दार लावू देत नाही, न्हाणीघराचंसुद्धा. उभ्यानेच जेवतो. कंपनीचा फोन आला की बाहेर निघून जातो. तुमचा निरोप रोज सांगते, तो मान हलवतो. रोज सकाळी डबा भरून मी काउंटरवर जाते आणि लोकांना 'डॉक्टर भेटतील' सांगते, आणि माझ्या घरात मला काय सांगावं ते कळत नाही.

तुम्ही या. अर्णवसाठी नको, रुखमाबाईंसाठी या. मी सांगून उपयोग नाही, माझा परत आलेला आहे. तुम्ही दोघांचे गुरुजी. तुम्ही त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी एकदा जरी अर्णवला 'तुझं बरोबर होतं' म्हटलं, तर माझं पोर खाली बसून जेवेल.

मधुवंती

*

अलिबागजवळून,
३० मार्च २०२५

प्रिय मधुवंती,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाडीत शेजारच्याने जन्माची कहाणी सांगितली, मी योग्य ठिकाणी मान हलवली, दोघेही खूश.

सावनेरला जायची भीती वाटत होती हे तुला सांगितलं नव्हतं. पण झालं ते बरं झालं असं मला वाटतं. रुपरावांना मला काही समजवावंच लागलं नाही. मी बंद हवेचं सांगायला लागलो तसे तेच बायकोला सांगू लागले, खाणीतही असंच होतं, एकामागे दुसरा गेला तर दोन तिरड्या बांधाव्या लागतात. अर्णव बरोबर होता असं ते स्पष्ट म्हणाले, तूही ऐकलंस.

आणि ती माउली. तिने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, अर्णव ते माझ्या कानात सांगत होता: अमोलला त्रास झाला का, त्याने कुणाला हाका मारल्या का. मी तिला खात्रीने सांगितलं की नाही. दोन श्वास, आणि माणूस झोपेत शिरल्यासारखा जातो, हाक मारायला वेळच मिळत नाही. तिने ते मला तीनदा म्हणायला लावलं. मग पदराने डोळे पुसून आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा केला. त्या घरात महिनाभरात तिने चुलीला हात लावला नव्हता म्हणे. निघताना तिने अर्णवच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

अर्णव सगळा वेळ भिंतीशी उभा होता, पण तेवढं चालायचं. आता हळूहळू येईल रुळावर. मे महिन्यात त्याला माझ्याकडे पाठव.

तुझा,
कृष्णकांत

*

प्रताप नगर, नागपूर
६ एप्रिल २०२५

ती. भाऊजींना,
नमस्कार.

तुम्ही आलात, एवढ्या लांबून, या वयात, या उन्हात. तुमचे उपकार आहेत. आता जे लिहिते त्याने तुम्हाला वाईट वाटेल, पण मला दुसरं कुणी नाही.

तुम्हाला गाडीत बसवून घरी आलो आणि अर्णव ओकला. दोन दिवस पोटात पाणी ठरलं नाही. मी डॉक्टरांना बोलवायला निघाले तर म्हणाला, डॉक्टर नको, दार लावू नको, बस इथं. आणि मग सांगितलं.

अमोल दोन श्वासांत गेला नव्हता. तो फिटरपर्यंत पोचला, त्याला ओढून पाहिलं, हलेना, तेव्हा शिडीवरून परत वर येऊ लागला. अर्णव इशारा देऊन तोंडाशीच उभा होता. अमोलचं डोकं वर आलं होतं. चेहरा निळा पडला होता, पण डोळे उघडे होते. त्याने अर्णवकडे पाहिलं, एक हात वर केला आणि म्हणाला, "हात दे बे."

आणि अर्णवने हात दिला नाही.

तो म्हणतो, मला तुझा चेहरा दिसला. महालक्ष्म्यांपुढचा. हात उचलला होता, तो मागे गेला. पाठीमागे बांधला गेला. अमोलने आणखी एकदा वर पाहिलं, आणि मग त्याची बोटं शिडीवरून सुटली. माणसं धावत येत होती, पण अजून जिन्यावर होती.

हे त्याने चौकशीत सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी विचारलं, तू आत गेलास का? तो म्हणाला, नाही. सगळे म्हणाले, शाबास. आणि सावनेरला रुखमाबाई विचारत होत्या, त्यानं हाका मारल्या का, तेव्हा तो प्रश्न तुमच्या कानात त्यालाच सांगावा लागला. तुम्ही तीनदा 'नाही' म्हणालात. तिन्ही वेळा तो तुमच्या खांद्याला धरून उभा होता.

मी शपथ घातली ती त्याला वाचवायला. तो वाचला. मला त्याचा आनंद होतो, भाऊजी, अजूनही होतो, आणि मग रुखमाबाईंचा चहा आठवतो आणि ताट बाजूला सारते.

एक विचारते. तुम्ही जन्मभर हेच केलंत, तुम्हालाच माहीत असणार. त्याने हात दिला असता तर अमोल वर आला असता का? की दोघेही गेले असते? अर्णव तोंडाने विचारत नाही, पण दिवसभर तेच मोजत बसतो. तुमचं उत्तर त्याला दाखवणार आहे. पण मला गोड बोलू नका. ते काम मी रोज आठ तास करते, मला ते लांबून ओळखू येतं.

मधुवंती

*

अलिबागजवळून,
२० एप्रिल २०२५

प्रिय मधुवंती,

तुझं पत्र आल्यापासून तीन कागद फाडले. चौथा पाठवतो.

तू महालक्ष्म्यांनंतर मला स्वच्छ लिहिलं होतंस, हातसुद्धा नाही. मी ते वाचलं आणि तुला शाबासकी दिली. माझा पाठ तसा नाही. मी शिकवतो की आत जायचं नाही, पण माणूस स्वतः तोंडापर्यंत आला तर बाहेर पालथं पडायचं, तोंड बाजूला वळवायचं, श्वास धरायचा आणि हात द्यायचा. तेव्हा तुझ्या मागे लागून हे सांगायला हवं होतं. मला तुझी शपथ गंमत वाटली. पोरगा हात बांधून उभा राहतो याचं मला कौतुक वाटलं. या गोष्टीत मी तुझ्याबरोबर आहे, तुला एकटीला उभं राहू देणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हात देताना पाय धरायला मागे दुसरा माणूस लागतो. अर्णव एकटा होता. शुद्ध हरपत चाललेला माणूस पकडतो ती पकड सुटत नाही, आणि त्याचं सगळं वजन खाली असतं. त्याला वर ओढणं एकट्याच्याने होत नाही. अर्णवने हात दिला असता तर बहुतेक दोघेही गेले असते.

वर्गात मी 'बहुतेक' हा शब्द वापरत नाही. पोरं वापरतात तेव्हा मी ओरडतो. पण तू गोड बोलू नका म्हणालीस, आणि मला यापेक्षा पक्कं माहीत नाही. माझी खात्री आहे असं जो म्हणेल तो खोटं बोलतो.

सावनेरला मी जे खात्रीने सांगितलं, ते आठवलं की मान वर होत नाही.

कृष्णकांत

*

प्रताप नगर, नागपूर
११ मे २०२५

ती. भाऊजींना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा अर्णव घरीच होता. म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं. तुमचा 'बहुतेक' हा शब्द मी गाळला. दोघेही गेले असते, असं वाचलं, आवाज हलू न देता. इतक्या वर्षांची सवय आहे. त्याने ऐकून घेतलं आणि मग पत्रासाठी हात पुढे केला. द्यावं लागलं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "तू छान वाचतेस, आई." रागाने नाही म्हणाला. मला त्याने रागवलेलं चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी सावनेरला चाललो. कशाला ते मी विचारलं नाही, कळलं होतं. आधी अडवलं. म्हटलं, त्या बाईला एवढं तरी सुख राहू दे, तो शांतपणे गेला असं तिला वाटतंय, ते काढून घेऊन कुणाचं भलं होणार? तो म्हणाला, "तिनं मला विचारलं होतं. दुसऱ्या कोणाला नाही." मग मीही सोबत गेले.

रुपराव शेतात होते. रुखमाबाई गहू निवडत होत्या. अर्णव त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसला, तो तिथे. आणि सगळं सांगितलं, शिडीचं, डोळ्यांचं, तो काय म्हणाला ते. माझ्या शपथेबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी मागे उंबऱ्यात उभी होते. मी तोंड उघडलं, म्हटलं, बाई, शपथ मी घातली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ऐकलं की नाही तेही कळलं नाही.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी अर्णवला विचारलं, "कोणता हात मांगला होता त्यानं?"

त्याने उजवा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळव्याकडे पाहिलं, बोटं एकेक उघडून पाहिली. मला वाटलं आता मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी तो हात मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसल्या. रुपराव शेतातून आले, दारात थबकले आणि बाहेरच्या बाजेवर जाऊन बसले. तुझं बरोबर होतं असं त्या म्हणाल्या नाहीत. चुकलास असंही नाही. उन्हं उतरल्यावर हात सोडला आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या. अर्णव उठला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "वर येऊन राहिला होता नं माहा पोरगा." आणि मग रडायला लागल्या. भाऊजी, मी आजवर काचेपलीकडून खूप रडणं ऐकलं, असं ऐकलं नव्हतं.

येताना बसमध्ये गर्दी होती. आम्हाला मागची जागा मिळाली. कोराडी मागे पडलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, शपथ सुटली म्हण."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने पुन्हा म्हटलं. लहानपणी पतंगाची सोडवून घ्यायचा तसंच. मी खिडकीबाहेर बघत बसले. एवढा एक शब्द होता माझ्याकडे त्याला धरून ठेवायला. त्या शब्दाने अमोलला मारलं असेल, पण माझ्या पोराला घरी आणलं होतं, आणि तो मोकळा करायचा म्हणजे पुढच्या वेळी काय होईल ते मला दिसत होतं. त्याने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्याचं डोकं तापलं होतं.

मी म्हटलं, सुटली.

घरी आल्यावर तो खाली बसून जेवला. न्हाणीघराचं दार लावून आंघोळ केली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि पदर तोंडात धरून रडत होते.

कंपनीला त्याने होकार कळवला आहे. जूनअखेर दुसरं जहाज आहे. मी अडवणार नाही, आता माझ्याकडे अडवायला काही नाही. पुन्हा कुणी खालून हात वर केला तर तो देणार आहे, हे त्याने मला सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही नाही. म्हणून तुम्हाला मागते. येत्या आठवड्यात त्याला तुमच्याकडे पाठवते. मागे तुम्ही शिकवत होता आणि मी मध्ये आले. आता त्याला हात द्यायला शिकवा. पालथं कसं पडायचं, तोंड कुठे वळवायचं, श्वास किती धरायचा, मागे पाय कुणाला धरायला लावायचे, सगळं. बाहुला टाकून नाही. तुम्ही स्वतः त्या टाकीत उतरा, भाऊजी, आणि त्याला हाक मारा.

आपली,
मधुवंती